धुळ्याच्या शर्यतीतली वरात

पुण्यात मी दोन वर्षं काढली. त्या दोन वर्षांत इंटरच्या परीक्षेला दोनदा बसलो आणि घोड्यांच्या शर्यतीला, मोसम असेल तेव्हा, दर आठवड्याला उभा राहिलो. परीक्षेला मला आत घेत. शर्यतीला घेत नसत, कारण तिकिटाला पैसे नसायचे. मैदानाच्या कुंपणाबाहेर एक जुना वड होता, त्याच्या वर आलेल्या मुळावर उभं राहिलं की शेवटचा शंभर-दीडशे हातांचा पट्टा दिसे. माझं घोड्यांविषयीचं सगळं ज्ञान हे त्या मुळावरचं ज्ञान आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे काय झालं ते त्यावाचून कळायचं नाही.

वर्षातून एकदा तिथे तीन वर्षांच्या कोवळ्या जनावरांची मोठी शर्यत व्हायची. अडथळे नाहीत, गाडी नाही, नुसतं सपाट मैदान आणि त्यावर धाव. पण धावणारी जनावरं अशी, की त्यांच्या आईबापांचीच काय, खापरपणजोबांचीही नावं कागदावर लिहिलेली. माझ्या खापरपणजोबांचं नाव मला आजही ठाऊक नाही. त्या दिवशी लाल डगल्यातला बँड यायचा. घोडे धडधडत यायचे, बँड दणाणायचा, लोक टोप्या उडवायचे आणि मुळावर उभा असलेला मी इंटरचा अभ्यास विसरून रडकुंडीला यायचो, आनंदाने. घोडे आधी आले की बँड आधी वाजला, हे मात्र वडाच्या मुळावरून नीट दिसत नसे. मीही कधी त्याची चौकशी केली नाही.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर वडिलांनी पत्र पाठवलं. त्यात मजकूर नव्हता, फक्त जळगावपर्यंतच्या गाडीच्या वेळा होत्या. मी आलो. एका डाळमिलमध्ये कारकुनी मिळाली आणि मेहरूणला, तलावाच्या अलीकडे, एक खोली मिळाली. खोलीच्या मागे आबांचा गोठा.

आबा वरातीच्या घोड्या पाळायचे. जळगावात कुणाचंही लग्न असो, नवरदेव आबांच्या घोडीवर बसला नाही तर लग्न लागलं की नाही अशी शंका घ्यावी, इतका त्यांचा दबदबा. दोन घोड्या होत्या, दोन्ही नाचऱ्या. बँडने सूर धरला की जागच्या जागी पाय उचलायच्या, मान कमानीसारखी करायच्या, आणि वऱ्हाडातल्या बायका पदर तोंडाला लावून बघत राहायच्या. बँड चालू आहे तोवर घोडीने पुढे म्हणून जायचं नाही, तसं तिला शिकवलेलंच असे. बँड थांबला म्हणजे लग्न लागलं, काम संपलं, आता घरी जाऊन तोबरा. वरातीच्या घोडीचं सगळं शास्त्र एवढंच.

पण आबांच्या गोठ्यात तिसरं जनावर होतं आणि त्यासाठी ही सगळी कथा.

स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली, तेव्हा एका संस्थानिकाच्या पागेतली जनावरं विकायला निघाली होती. आबा वरातीसाठी घोडी आणायला गेले आणि येताना पुढचा पाय न टेकवणारी एक उंच, हाडकुळी घोडी घेऊन आले. पुण्या-मुंबईच्या मैदानांवर धावलेली, अस्सल शर्यतीच्या रक्ताची. आता लंगडी झालेली. सारं मेहरूण हसलं. लंगड्या घोडीवर नवरदेव बसवला तर संसारही लंगडा निघेल, असं एकाने म्हटल्याचं सांगतात. पण घोडी गाभण होती, आणि गर्भ त्याच पागेतल्या शर्यतीच्या घोड्याचा. तिला बछेरी झाली. बछेरी आठ महिन्यांची असताना आई गेली. ती गेली तेव्हा आबांनी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं होतं, ‘‘तुन्ही पोरले गाडीले नही जुपसू.’’ तुझ्या पोरीला गाडीला जुंपणार नाही. हे मला आबांच्या भाच्याने सांगितलं. आबा स्वतः असल्या गोष्टी बोलत नसत.

मी पाहिली तेव्हा बछेरी अडीच-तीन वर्षांची होती. खजुराच्या रंगाची, कपाळावर चांदणी, पाय असे की गोठ्यात मावत नाहीत असं वाटे. मी वडाच्या मुळावरून पाहिलेली सगळी जनावरं मला एकदम आठवली. आबांना म्हणालो, ही तर थरोब्रेड. आबांना तो शब्द औषधाचा वाटला. त्यांनी विचारलं, कसावर लावतस? कशावर लावतात?

दोन नाचऱ्या घोड्यांच्या मधे वाढल्यामुळे तिला एक खोड लागली होती. गल्लीत कुणी डबा बडवला तरी पाय उचलायची. आबा तिला वरातीत मागे बांधून न्यायचे, सवय व्हावी म्हणून, आणि पुढे घोडी नाचली की मागे ही नाचायची. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. एकदा नव्हे, वीसदा. कृपा करून लक्षात ठेवा, की मला हे माहीत होतं.

आता माझी जीभ.

माघातलं लग्न होतं, जळगावातच. वऱ्हाडात रावेरचे एक मोठे केळीवाले बागायतदार आले होते. त्यांना सगळे नाना म्हणत. नाना घोड्यांचे खरे शौकीन. त्यांच्याकडे पुण्याहून आणलेला शर्यतीच्या रक्ताचा काळा बछेरा होता, आणि धुळ्याला दर वर्षी होणाऱ्या शर्यतीत नानांचं जनावर नाही असं होत नसे. ती शर्यत म्हणजे आमच्याकडची पुण्याची मोठी शर्यतच. पांझरेकाठच्या मैदानावर, फक्त चार पक्के दात आलेल्या, म्हणजे तीन वर्षांच्या कोवळ्या जनावरांची, एक मैल सपाट धाव. पूर्व आणि पश्चिम दोन्ही खानदेशांतले जमीनदार, कापसाचे जिनवाले, जुने जहागीरदार तिथे जनावरं आणत. जिंकणाऱ्या जनावराच्या मालकाला फेटा बांधत आणि तो फेटा घरात देवाशेजारी ठेवत.

तर नानांनी वरातीत आमची बछेरी पाहिली. दात पाहिले, पाय चाचपले आणि मनापासून, अगदी सद्भावाने म्हणाले, ‘‘आबा, बरी आहे. स्टेशनवर टांग्याला छान चालेल.’’

आबा घोडीचा लगाम धरून पुढे चालू लागले. बोललो मी. डाळमिलच्या कारकुनाने रावेरच्या बागायतदाराला भर वऱ्हाडात सांगितलं, की नाना, टांग्याचं सोडा, ही धुळ्याला तुमच्या काळ्याच्या पुढे असेल. नाना हसून म्हणाले, आणि नसली तर? तिथे कुणीही शहाणा माणूस पान खायला निघून गेला असता. मी म्हणालो, ‘‘नसली तर आबा हिला टांग्याला जुंपतील. आबांचा शब्द.’’

पन्नास माणसांनी ऐकलं. नानांनी मान डोलावली. खानदेशात शब्द हा वाऱ्यावर जात नाही. तो ज्याच्या नावाने सुटला त्याच्या दारात जाऊन बसतो.

रात्रभर मला झोप नाही. सकाळी गोठ्यात गेलो. आबा बछेरीचा खूर साफ करत होते. बातमी माझ्याआधीच पोचली होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी खूर खाली ठेवला.

‘‘भो, तोंड तुन्हं, घोडी मन्ही. आते शब्द कोन्हा?’’

मी म्हणालो, ‘‘तुमचा, आबा. मीच तुमच्या नावाने दिला.’’

आबांनी दुसरा खूर उचलला. ‘‘मंग पयनं पडी,’’ म्हणाले. मग पळावं लागेल. एवढंच. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून मी बछेरीचा ‘ट्रेनर’ झालो. ही पदवी माझी मीच घेतली. स्वार म्हणून आबांचा भाचा होता. तिशीचा माणूस, शिवणकाम करायचा, आणि इतका हडकुळा की वजनाच्या काट्यावर उभा राहिला तर काटा विचार करत बसे. घोड्यांवर मात्र लहानपणापासून बसलेला. पहाटे तलावाच्या कडेने आम्ही बछेरीला पळवू लागलो. ती पळू लागली की तलावातली बदकं पोहायचं थांबून बघत, असं मी मिलमध्ये सांगत असे. बदकांचं खोटं होतं, पळण्याचं खरं होतं.

मी पुण्याची विद्या काढली. पुण्याचे जॉकी रिकिबी आखूड करून, गुडघे पोटाशी घेऊन, घोड्याच्या मानेवर वाकतात. मी भाच्याला तसं बसायला लावलं. तो पहिल्या वळणाला तलावात गेला. दुसऱ्या दिवशी परत गेला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘‘दाजी, तुम्ही एकदा बसीसन दखाडा.’’ बसून दाखवा. मी दाजी नव्हतो, पण तो मला चिडवायला दाजी म्हणायचा. मी बसून दाखवलं. मी तलावात गेलो नाही. तलावाच्या विरुद्ध बाजूला बाभळी होत्या.

माझ्याकडे राहायला आलेल्या आईने काटे काढायला दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी भाच्याने स्वतःच रिकिबी मधल्या भोकात लावल्या, ना आखूड ना लांब, आणि तो असा बसला की घोडी आणि तो एकाच कापडातून बेतलेले दिसले. मी ते माझं यश म्हणून सगळ्यांना सांगितलं.

मग खुराक. पुण्यात शर्यतीच्या घोड्यांना ओट घालतात. जळगावात ओट म्हणजे काय हे एका वाण्याला विचारलं तर त्याने मला दुकानाचा ओटा दाखवला. आबा भिजवलेले हरभरे, कडबा आणि मूठभर गूळ घालत. मी मिलमधली चांगली डाळ पंचात बांधून नेली, तर बछेरीने ती नाकाने उडवून दिली आणि माझ्या सदऱ्याची बाही खाल्ली. ‘‘तिले खरं खोटं कयस,’’ आबा म्हणाले. तिला खरं-खोटं कळतं. आबांचा हा महिनाभरातला एकुलता एक विनोद, आणि तो माझ्यावर.

पण मला त्यांची काळजी दिसत होती. संध्याकाळी ते तिच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहत. एकदा स्टेशनवर गेलो होतो, तेव्हा टांग्याचा एक घोडा उन्हात उभा होता, मानेवर जुवाचा घट्टा, त्यावर माश्या. आबा तिथून गेले ते तोंड फिरवून गेले. त्या दिवशी मी ठरवलं, की ही जिंकलीच पाहिजे, आणि माझ्यासारख्या माणसाने काही ठरवलं की काळजीचं कारण दुप्पट होतं.

जळगावहून धुळ्याला आम्ही चालत गेलो. आगगाडीत घोडी घालणं आबांना मान्य नव्हतं. पाळधी, एरंडोल, पारोळा. तीन दिवस. भाचा, आबा, बछेरी आणि मी. आबा पुढे, दोरी हातात. बरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. पारोळ्याला माझ्या टाचेला फोड आला, तेव्हा भाच्याने सुचवलं, की घोडीपेक्षा दाजींनाच नाल ठोकावी. बछेरी मात्र तीन दिवसांत एकदाही थकली नाही. पारोळ्याच्या पुढे मोकळं माळरान लागलं तेव्हा तिने मान वर केली, वारा हुंगला आणि दोरीला असा हिसका दिला, की आबा चार पावलं तिच्याबरोबर धावले. धावता धावता हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

धुळ्याला आम्ही एका ओळखीच्या जिनाच्या आवारात उतरलो. आणि तिथे मला ती कल्पना सुचली.

माझ्या मावसभावाच्या ओळखीचा एक बँडमास्तर धुळ्याला होता. मला वाटलं, मोठी शर्यत आणि बँड नाही? पुण्याला असतो. आमची बछेरी शेवटच्या निशाणापाशी आली, की बँड दणाणला पाहिजे, म्हणजे शर्यतीला शोभा येईल आणि रावेरच्या नानांना कळेल की जळगावचा माणूस शर्यत म्हणजे काय ते जाणतो. बँडमास्तर भला माणूस. ओळखीखातर फुकट यायला तयार झाला. मी त्याला सांगितलं, मी टोपी हलवली की सुरू करा. जितकी जोरात टोपी, तितका जोरात बँड. आबांना मी हे सांगितलं नाही. आनंदाचा धक्का द्यायचा होता.

शर्यतीच्या दिवशी मैदानाभोवती माणूसच माणूस. धुळे, शिरपूर, नंदुरबार, अमळनेर, कुठून कुठून गाड्या जुंपून लोक आले होते. पंच होते एक रिसालदारसाहेब, घोडदळातून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशा, पाठ अजून ताठ. त्यांनी नऊही जनावरांचे दात तपासले. आमच्या बछेरीचे चार दात बरोबर भरले. मग त्यांनी विचारलं, ‘‘हिचं रक्त कुठलं? ही अस्सल जनावरांची शर्यत आहे.’’

मी पुढे होऊन पुण्याच्या मैदानाविषयी भाषण सुरू केलं. आबांनी मला कोपराने बाजूला सारलं, कमरेच्या फडक्यातून एक नाल काढली आणि रिसालदारांच्या हातावर ठेवली. बछेरीच्या आईच्या पायातली, मैदानावरची नाल. पातळ, पांढुरकी, बोटाने वाकवावी इतकी हलकी. गाडीच्या घोड्याला अशी नाल कुणी मारत नाही, ती एका आठवड्यात झिजून जाईल. रिसालदारांनी ती तळहातावर तोलली, डोळे मिटून तोलली, आणि काही न विचारता यादीत नाव घालायला सांगितलं.

जनावरं मैलभर लांब, एका विहिरीपाशी नेली. शेवटचं निशाण मंडपासमोर. निशाणाच्या पलीकडे आबा उभे राहिले, हातात हरभऱ्याचा तोबरा. घोडी धावून आली की तिच्यापुढे तोबरा, हा त्यांचा रोजचा नेम. मी निशाणाच्या अलीकडे, बँडशेजारी, टोपी हातात.

सुरुवातीचा रुमाल पडला तो आम्हाला दिसला नाही, धूळ दिसली. आधी नुसती धूळ. मग धुळीत काळा ठिपका, नानांचा बछेरा, सगळ्यांच्या पुढे. मंडपातून आरोळी उठली. आमची कुठेच दिसेना. मी दात-ओठ खात टाचा उंच केल्या. अर्ध्या मैलावर धूळ जरा फाकली आणि मला खजुरी रंग दिसला, पाचवी. मग चौथी. भाचा तिच्या मानेवर असा निजला होता, जणू तिच्या कानात काही गुपित सांगतोय. तिसरी. ती पळत नव्हती, जमीन तिच्या पायांखालून कुणीतरी ओढून घेत होतं. तिसरी ती दुसरी कधी झाली ते दिसलंच नाही. काळ्याच्या बरोबरीला आली, क्षणभर दोघांची तोंडं एका रेषेत, आणि मग तिने त्याला मागे टाकलं. एक घोडा अंतर. दोन. चार. दहा. तीस. माणसं उभी राहिली. तीस घोडे अंतराने ती आमच्याकडे येत होती, एकटी, आणि मागे सगळी खानदेशाची पैदास.

मी टोपी हलवली.

बँडने लग्नातला सूर धरला. त्याला दुसरा येत नव्हता.

बछेरीचे कान उभे राहिले. निशाण तीस हातांवर होतं. ती थबकली, दोन पावलं आली, थांबली. भाचा तिच्या मानेवरून जवळजवळ पुढे गेला. तिने मान कमानीसारखी केली, पुढचा उजवा पाय उचलला, ठेवला, डावा उचलला आणि नाचू लागली. इतकी सुंदर नाचली, की मंडपातल्या बायकांनी सवयीने पदर तोंडाला लावले.

पाच हजार माणसं की दहा हजार, कुणी मोजली नाहीत, पण ती एकदम गप्प झाली आणि मग एकदम हसली. मी ‘थांबवा, थांबवा’ म्हणत टोपी हलवू लागलो. बँडमास्तरला ठरल्याप्रमाणे वाटलं, की मला आणखी जोर हवा. त्याने आणखी जोर लावला. तिकडे धुळीतून काळा बछेरा येत होता. मला आजही स्वप्नात तो येतो, आणि प्रत्येक वेळी तो पोचतो.

मग मी जे केलं त्याचं नाव मला माहीत नाही. मी धावलो आणि मोठ्या ढोलावर उडी घेतली. ढोल वाजवणारा जाडजूड गृहस्थ होता, ढोल त्याच्या पोटावर बांधलेला. मी ढोलात, तो मातीत. पट्टा तुटला, चामडं फाटलं, माझा एक पाय आत गेला तो निघेना. तसाच, पायात ढोल घालून, मी क्लॅरिओनेटवाल्याच्या गळ्यात पडलो. झांजावाल्याने घाबरून झांजा टाकून दिल्या. तुतारीवाला माझ्याकडे बघत राहिला आणि बघता बघता फुंकायचं विसरला.

बँड थांबला.

त्या शांततेत निशाणापलीकडून आबांचा आवाज आला. मोठा नव्हता. रोज संध्याकाळी वरातीहून परतताना घोडीशी बोलत, तसाच होता. त्यांनी तोबरा वर धरला आणि म्हणाले, ‘‘झायं वं माय लगीन. चाल घर.’’

लग्न झालं, चल घरी.

आमचा धिंगाणा बघून काळाही बुजत, पाय आखडत आला होता, पण आता त्याचं तोंड तिच्या शेपटीशी होतं. ती झेपावली. तीस हातांत घोडं किती धावणार? पण मी सांगतो, तिची ती धाव मी आयुष्यात परत पाहिली नाही, वडाच्या मुळावरूनही पाहिली नव्हती. काळा तिच्या खांद्याशी आला, मानेशी आला, आणि तिथेच राहिला. निशाणापुढून ती अर्ध्या मानेने पुढे गेली आणि तिने थेट आबांच्या छातीशी जाऊन तोबऱ्यात तोंड घातलं.

आता खरी लढाई. नाना मंडपातून उतरले. रागावलेले नव्हते, पण गोंधळलेले होते. त्यांचं म्हणणं असं, की जनावर मधे थांबलं म्हणजे त्याची शर्यत संपली, आणि शिवाय बाहेरच्या माणसाने तिला मदत केली. बाहेरचा माणूस मी. माझा पाय तेव्हाही ढोलात होता. सगळी गर्दी रिसालदारांभोवती जमली. आबा तिकडे आलेच नाहीत. ते बछेरीचा घाम पुसत होते, पण हात थांबत होता आणि कान इकडे होते.

रिसालदारांनी मला जवळ बोलावलं. बँड कुणी आणला, विचारलं. मी म्हणालो, मी. का आणला? शोभेसाठी. थांबवला कुणी? मीच. त्यांनी मिशी चावली.

‘‘नियम असा आहे,’’ ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘स्वार खाली पडू नये, जनावराने आखणी सोडू नये, त्याला दुसऱ्याचा हात लागू नये. यातलं काहीच झालेलं नाही. या इसमाने तिला मदत केली म्हणता? नाना, या इसमाने तिला बुडवली होती. असली मदत मी माझ्या शत्रूलाही मागणार नाही.’’ गर्दी हसली. मग ते म्हणाले, ‘‘तीस वर्षं मी घोडदळात होतो. पळणारी जनावरं पुष्कळ पाहिली. पळता पळता थांबून, एक लग्न लावून, परत पळून पहिलं आलेलं जनावर आज पाहिलं. निकाल जळगावच्या बछेरीचा.’’

मग जो आवाज उठला तो पांझरेच्या पलीकडे गेला असेल. नाना मोठे माणूस होते, मी उगाच म्हणत नाही. गर्दीतून वाट काढत आबांपाशी गेले, बछेरीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘आबा, हिच्या बाबतीत मी टांग्याचं नाव काढलं, ते माझं चुकलं. माफ करा.’’

आबांनी हात जोडले. मग हळूच म्हणाले, ‘‘चुकनं तं ह्या भोचं,’’ आणि माझ्याकडे बोट केलं.

रिसालदारांनी फेटा बांधायला आबांना बोलावलं. अबोली रंगाचा, जरीकाठी. बांधून झाला आणि मिरवणुकीची वेळ आली. आबा सवयीने लगाम धरून घोडीच्या पुढे उभे राहिले. तेव्हा भाचा खाली उतरला. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना घोड्यावर बसवलं होतं, लगाम धरून पुढे चालले होते. स्वतः वरातीत बसले नव्हते. लग्नातसुद्धा नाही, कारण त्या दिवशी त्यांच्या घोड्या दुसऱ्याच्या लग्नाला गेल्या होत्या. भाच्याने आणि नानांनी मिळून त्यांना उचललं आणि बछेरीवर बसवलं. आबा इतके लाजले, की फेट्याखाली डोळे दिसेनात.

लगाम नानांनी धरला. रावेरचे बागायतदार, शुभ्र धोतर, पायात करकरीत जोडे, आणि ते पुढे चालले आणि मेहरूणचे आबा वर. बँडमास्तर उदार मनाचा. ढोल नाही तर नाही, बाकीच्यांनी वाजवलं. बछेरी नाचत निघाली, पांझरेचा पूल ओलांडून गावात, पेठेतून, आणि या वेळी तिला कुणी थांबवलं नाही. घरांच्या गच्च्यांवरून लोक गुलाल टाकत होते. एका चौकात बायकांनी आबांना ओवाळलं. ते घाबरून घोडीच्या आयाळीला धरून बसले.

मी मिरवणुकीच्या शेवटी होतो. ढोल पायातून निघाला होता, पण ढोलवाल्याने तो आता माझ्या डोक्यात घातला होता, फाटकी बाजू खाली. त्यातून मला फक्त माझे पाय आणि पुढच्या माणसाच्या टाचा दिसत होत्या. तरी एका वळणावर मी ढोल जरा वर उचलला. लांब पुढे, गर्दीच्या डोक्यांवर, अबोली फेटा दिसत होता, आणि त्याखाली आबा. त्यांनी आयाळ सोडली होती. ताठ बसले होते. आणि डाव्या-उजव्या बाजूला, अगदी नवरदेवासारखे, हळूहळू मान डोलवत नमस्कार घेत होते.